सतरा पॉइंट दोन

गोंदियाजवळच्या मुर्रीच्या योगराज पटले याला कोणालाही नाही म्हणता येत नव्हतं, हे गाडीच्या आधी सांगून टाकतो. गाडी गेली ती त्यापायीच गेली.

आम्ही दोघं एका बाकावरचे. दहावीला दोघंही गणितात गचकलो. मी पुढे ग्रामपंचायतीत चपराशी लागलो, आणि तो नव्व्याण्णव साली कुडव्याला केशोरावच्या गॅरेजात. घरी पोवारी, गॅरेजात हिंदी आणि माझ्याशी झाडी, अशा तीन बोल्या त्याच्या तोंडात होत्या, पण तिन्ही मिळून दिवसाला वीस वाक्यं होत नसत. उंच, वाळका, डाव्या अंगठ्याचं नख कायम निळंकाळं. रस्त्यावरून गाडी गेली की हातातला पाना तसाच धरून मान वाकडी करायचा आणि म्हणायचा, "तिसरा प्लग मेला." पंधरा दिवसांनी तीच गाडी तिसरा प्लग घेऊन दारात उभी.

गॅरेज सुटलं की लोक त्याला वाटेतच धरायचे. कोणाची मोपेड, कोणाचं पाण्याचं इंजिन, कोणाचा मिक्सर. त्याची बायको योगेश्वरी ताट झाकून ठेवायची आणि ओट्यावरून मला ऐकवायची, "सुखराम भाऊजी, तुमच्या दोस्ताच्या तोंडात देवानं नाही टाकलीच नाही. लग्नाच्या वक्ती माह्या बापानं विचारलं, पोरगी पसंत हाये का, तं हा म्हणते हो. नापसंत असती तरी होच म्हणला असता."

योगराज हात धूत गालात हसायचा.

त्याला वेगाचं याड लागलं ते दोन हजार चारच्या उन्हाळ्यात. कोहमाऱ्याला एका ढाब्यासमोर नागपूरच्या एका माणसाची गाडी बंद पडली होती. केशोरावनं याला पाठवलं. अॅक्सिलेटरची तार तुटलेली. यानं सायकलच्या ब्रेकची तार कापून बसवली. तो माणूस म्हणाला, बैठो, देख लेते हैं. देवरीकडच्या सरळ रस्त्याला लागल्यावर त्यानं दुसऱ्या गिअरात पाय दाबला. ती गाडी साधी नव्हतीच, इंजिनात काम केलेली होती. संध्याकाळी योगराज माझ्या घरी आला, खाटेवर बसला आणि म्हणाला.

"सुखराम, कोनं तरी छातीवर हात ठेवून मागं ढकल्लं गा. पन पुढं कोनी नोहोता."

त्या माणसानं त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती. नागपूरच्या बाहेर एक क्लब दरवर्षी थंडी सरता सरता गाड्या पळवतो. अंतर चारशे दोन मीटर, एका वेळी एक गाडी. दोन्ही टोकांना विजेचं मशीन असतं, ते सेकंदाचाही शंभरावा हिस्सा मोजतं आणि कागदावर छापून देतं.

"मले पहिला नंबर नाही पायजे," योगराज म्हणाला. "माह्या हातानं बनवलेल्या गाडीनं किती सेकंद घेतले, तेवढं त्या मशीननं सांगाव. मंग झालं."

त्या कागदासाठी त्यानं पाच वर्षं पैसे मागे टाकले. बिडी सोडली. योगेश्वरीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कागदच पायजे तं सुखराम भाऊजीले सांगा, पंचायतीतून आनून देतीन." पण आडवी आली नाही. माहेराहून आणलेल्या शेळ्यांपैकी दोन विकून पैसे तिनंच त्याच्या हातात ठेवले.

दोन हजार नऊच्या दिवाळीनंतर आम्ही गाड्या पाहायला निघालो. लोक पोरी पाहायला जातात तसंच होतं ते. चहा यायचा, मालक गाडीचे गुण सांगायचा, आणि आम्ही चहा पिऊन निघायचो. मी सोबत लागायचोच. योगराज एकटा गेला असता तर पहिल्याच दारात हो म्हणून आला असता.

केशोरावचं म्हणणं वेगळं. "पागल झाला का तू? डिझेल जीप घे. कोहमारा-गोंदिया सवाऱ्या मार. लेकरं शिकतीन."

"हो," योगराज म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत एका रिटायर मास्तरांची एट हंड्रेड पाहायला आला.

मास्तरांनी गाडी लेकरासारखी जपलेली. सीटवर अजून प्लॅस्टिक. योगराजनं बोनेट उघडलं, बघितलं, बंद केलं. बाहेर येऊन म्हणाला, "गाडी सोन्यासारखी हाये. पन तीन सिलिंडरचं इंजिन. हिले कितीही खाऊ घातलं तरी पोटच तेवढं."

मग डॉक्टरांची लाल झेन. मी तर पाहूनच हरखलो. योगराजनं खिशातून रुमालात बांधलेलं लोहचुंबक काढलं आणि दारापासून मागच्या चाकापर्यंत पत्र्यावरून फिरवत नेलं. सगळीकडे चिकटत होतं. मागच्या दारापाशी आलं आणि गळून खाली पडलं.

"अथी पत्रा नाही," तो हळूच म्हणाला. "लांबी भरली हाये. पत्रा वाकला होता, मसाला भरून रंग मारला. मार खाल्लेली गाडी सीधी नाही पळत गा."

डॉक्टरांनी विचारलं, "कशी वाटली?"

"चांगली हाये साहेब," योगराज म्हणाला. मी त्याचा हात धरून बाहेर ओढला.

अशा सात गाड्या झाल्या. आठवी गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये सापडली. पांढरी एस्टीम, शेडमध्ये चार वर्षं उभी, वर कोंडा असा बसलेला की पहिल्यांदा मला ते कोंड्याचंच ढिगार वाटलं. शेठ गल्ल्यावरून उठलाही नाही. "देख लो भाई. चूहे वायरिंग खा गए. ले जाओगे तो जगह खाली होगी."

योगराज दोन तास त्या गाडीखाली होता. चारही प्लग काढून हातावर मांडले, चारही विटकरी रंगाचे, म्हणजे इंजिन नीट जळत होतं. दाब मोजायचं घड्याळ केशोरावकडून मागून आणलं होतं, ते एकेका सिलिंडरला लावून बघितलं. चारही सारखे. चुंबक कुठेच गळलं नाही. कोंड्यानं माखून बाहेर आला तेव्हा फक्त डोळे दिसत होते, आणि त्या दिवशी तो जितकं बोलला तितकं मी त्याला कधी बोलताना ऐकलं नाही.

"हे पाय. तेराशेचं इंजिन, चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह. पंच्याऐंशी घोडे अना अंग हलकं. झेन हलकी हाये पन तिचे घोडे कमी. मोठ्या गाडीचे घोडे जास्त पन अंग जड, अना पार्ट आनाले मुंबईले जा. हिचे पार्ट भंगारात बी भेटतेत. चार वर्स उभी होती म्हनजे चार वर्स घासली नाही. राहिली वायरिंग, ते मले येते. गाडी अशी घ्याची सुखराम, का जे बिघडलं ते आपल्याले येते अना जे आपल्याले येत नाही ते धड हाये."

शेठनं किंमत सांगितली. योगराज हो म्हणायच्या आत मी त्याच्या पायावर पाय दिला आणि बोलणं हातात घेतलं. तासाभरानं गाडी आमची झाली. ट्रॅक्टरला दोर बांधून मुर्रीला आणली. वाटभर कोंडा उडत होता.

वायरिंग झाली, गाडी सुरू झाली, आणि लोक यायला लागले.

गावात चारचाकी आली की ती एका घरची राहत नाही. कोणाला स्टेशनवर सोड, कोणाच्या पोरीला परीक्षेला ने, कोणाचं टीव्हीचं खोकं आण. योगराज हो म्हणे आणि किल्ली घेई. एका महिन्यात रेसच्या कामाला हात लागला नाही. नाही म्हणायची अक्कल देवानं दिली नव्हती, पण दुसरी एक दिली होती. एका रविवारी त्यानं मागचं सीट उपसलं आणि अंगणात ठेवलं. आता मागायला आलेला माणूस आत वाकून बघायचा आणि म्हणायचा, "अबे, बसाव कोठी?" योगराज खाली बघायचा. माणूस जायचा.

"लोक गाडीत सामान भरतेत," योगेश्वरी शेजारणीला सांगायची, "माहा नवरा काहाडते."

सीटमागोमाग जादा चाक गेलं, एसी गेला, खालची सतरंजी गेली. काढलेली एकेक वस्तू तो धान मोजायच्या काट्यावर ठेवायचा आणि कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, भिंतीवर खडूनं किलो लिहायचा. इंजिनाचं हेड उतरवून आतल्या वाटा महिनाभर हातानं घासल्या, काचेसारख्या केल्या. खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या वेल्डरच्या मागे लागून धूर जायचे चार नवे पाइप वळवून घेतले. रेस दिली की ते पाइप लाल व्हायचे, चुलीतल्या सळईसारखे. त्यांच्यासमोरचा पत्रा आता बसेना, तो काढला. इंजिनाच्या पोटाखालचा पत्रा होता, तोही काढला. स्प्रिंगा दीड वेटोळं कापल्या. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसायला लागली.

केशोरावनं वाकून पाहिलं. "खालचा पत्रा काऊन काहाडला?"

"साडेतीन किलो होता."

"चिखल जाईन ना बे आत."

"रेस फेब्रुवारीत हाये. चिखल कोठचा?"

केशोरावनं मान डोलवली. मीही. आम्हा तिघांनाही चिखलच आठवला. दुसरं काही आठवलं नाही, आणि आम्ही तिघंही शेतकऱ्याच्या पोटचे.

दोन हजार अकराचा जानेवारी निघाला. क्लबला फॉर्म गेला, तिकडून नंबर आला, सत्तावीस. योगराजनं दोन्ही दारांवर काळ्या रंगानं सत्तावीस काढले. जायच्या आधी एकदा घरीच मोजून बघू म्हणाला.

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून एक सरळ रस्ता जातो. तलाठ्याची फीत मागून आणून आम्ही चारशे दोन मीटर मोजले, दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. शाळेच्या पीटीच्या मास्तरांचं स्टॉपवॉच माझ्या हातात. मी शेवटच्या रेघेवर उभा. त्यानं लाइट चमकवला की दाबायचं, माझ्यासमोरून गेला की दाबायचं. एवढंच काम.

सकाळची वेळ, धुकं नुकतंच वर उठलेलं. लाइट चमकला. मी दाबलं.

त्या गाडीचा आवाज मला लिहून सांगता येत नाही. सुरुवातीला घोंगावली, मग आवाज बारीक होत होत वर चढला, आणि लांबून एवढीशी दिसणारी पांढरी वस्तू वाढत वाढत माझ्या अंगावर आली. काचेमागे योगराजचं तोंड दिसलं. तो हसत होता. सव्वीस वर्षांच्या ओळखीत त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा मोजले असतील. वाऱ्यानं माझी टोपी गेली. मी टोपीकडं वळलो नाही, गाडीच्या मागेच बघत राहिलो, पार ती थांबेपर्यंत.

मग हातातलं घड्याळ आठवलं. ते चालूच होतं. एकतीस, बत्तीस.

तो गाडी वळवून आला. इंजिन बंद केलं. "किती?"

पुन्हा एक फेरी मार म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात नहराचा चौकीदार सायकलवरून काठी हलवत आला, आणि त्याच्या मागं शेळ्यांचा कळप. दुसरी फेरी होणार नव्हती. योगराज माझ्या तोंडाकडे बघत होता.

"सतरा," मी म्हणालो.

"सतरा पॉइंट किती?"

"दोन."

त्यानं मान डोलवली. दोनदा तोंडातल्या तोंडात म्हटलं, सतरा पॉइंट दोन. मी मनाशी म्हणालो, महिन्याभरात मशीन खरं सांगणारच आहे, माझं खोटं तेवढेच दिवस जगेल.

आठ दिवसांनी त्याची बहीण शकुंतलाबाई आली. ती इकडच्याच, गोंदियाजवळच्या गोरेगावकडं दिलेली. तिच्या भुपेंद्रचं लग्न ठरलं होतं, पोरगी कोहमाऱ्याच्या आतल्या गावची. लग्न गुरुवारी आणि रेस त्याच आठवड्यात रविवारी.

"नवरदेव मामाच्या गाडीत जाईन," शकुंतलाबाई म्हणाली. "मी सासरी सांगून बसली. माह्या भावानं गाडी घेतली, भाड्याची कायले?"

"ताई, त्यात सीट नाही," योगराज म्हणाला.

"हे काय अंगनात पडून राहिलं?" तिनं बोट दाखवलं. कोंबडी त्या सीटवर अंडी घालत होती. "कोंबडीले उठव अना लाव."

मी, योगेश्वरी, दोघंही त्याच्याकडे बघत होतो. योगेश्वरी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी त्याला सांगत होती, म्हण. एकदा म्हण.

"हो," योगराज म्हणाला.

गुरुवारी वरात निघाली. दारावरचा सत्तावीस शकुंतलाबाईला बरा दिसेना, म्हणून त्यावरून झेंडूच्या माळा सोडल्या. योगराज गाडी चालवत, शेजारी मी, मागे नवरदेव, त्याची आई आणि दोन करवल्या. एवढं वजन घेऊन गाडी आणखी बसली. ब्रेकरवर ती खाली घासायची आणि प्रत्येक घासण्याला योगराजचा खांदा उडायचा. मागं बँडची पिकअप आणि त्यामागं वऱ्हाडाची मेटॅडोर.

कोहमारा सोडून आत वळलो. पोरीचं गाव दीड-दोन किलोमीटरवर दिसत होतं आणि मंडपातला भोंगा ऐकू येत होता. तिथंच रस्त्यावर लाखोरी पसरलेली होती.

धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ओलीवर लाखोरीचं कडधान्य पेरायची आमच्याकडची रीत. माघ-फागणात ती उपटून वाळली की डांबरी रस्ता म्हणजे सगळ्या गावाचं खळं. रस्त्याच्या रुंदीभर पसरून ठेवायची. येणारी बस, ट्रक, ट्रॅक्टर वरून जातात, शेंगा फुटतात, दाणा खाली बसतो. वरून जाणाऱ्या गाडीचा कोणी राग करत नाही, उलट वाटच बघतात. बाजूनं वळून जाणारा माणूस आपल्याला वाकडा दिसतो.

योगराजनं ब्रेक मारला. लाखोरी गुडघाभर होती, कडकडीत वाळलेली. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला काय दिसलं ते मला दिसलं नाही. मला वाटलं, गाडी घासेल म्हणून थांबला.

मागून पिकअपचा हॉर्न. मागच्या सीटवरून शकुंतलाबाई, "चाल ना गा, काऊन थांबला? मुहूर्त चुकन."

कडेच्या पळसाखालून एक म्हातारी उठून आली. नाव अनुसयाबाई, ते नंतर कळलं. हातात लाकडी आकडी. काचेतून बाशिंग बघून तिचं तोंड फुललं. "नवरदेवाची गाडी हाये. जाऊ द्या बापू माह्या लाखोरीवरून. चांगलं असते."

योगराजनं गाडी हळूच वर घातली. पोटाखाली सगळं करकरत होतं, जसं कोणी नखांनी पत्रा खरवडतो. पार झालो. त्यानं श्वास सोडला तो मला ऐकू आला. पाय अॅक्सिलेटरवर गेला होता.

तेवढ्यात म्हातारी खिडकीशी आली. "बापू, बीचमंदी चुरलंच नाही. एक डाव मागं घे अना परत जा ना. तुमची गाडी खाली हाये, चांगली चुरते."

आता तरी निघायचं होतं. मीही म्हणू शकलो असतो, माय, उशीर होते. मी म्हटलं नाही. गावाच्या शिवेवर, नवरदेव गाडीत, म्हातारं माणूस मागते, कोण म्हणतं?

"हो माय," योगराज म्हणाला आणि रिव्हर्स टाकला.

मागं गेलो आणि पुन्हा पुढं आलो. शंभर पावलं गेलो असू. करवली म्हणाली, "मामा, कोनी चने भुंजून राहिलं का?"

वास मलाही आला होता. बोनेटच्या फटीतून धूर निघाला, आधी पांढरा, मग पिवळा. योगराजनं गाडी थांबवली, मागचं दार उघडून बहिणीला हाताला धरून ओढली, पोरींना ओढलं. नवरदेव बाशिंग सावरत उतरला. मग योगराज पुढं गेला आणि बोनेट उचललं. उचलायला नको होतं. आतून जाळ माणसाएवढा उभा राहिला.

लाखोरीच्या वाळक्या वेली त्या लाल पाइपांभोवती दोरासारख्या गुंडाळल्या होत्या, आणि रिव्हर्सला राहिलेल्या जागेतही कोंबल्या गेल्या होत्या. ते अडवायला जो पत्रा होता तो मुर्रीला, कोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. साडेतीन किलो.

पाणी म्हणजे नवरदेवाची एक बाटली. ती मी ओतली. बँडवाल्यांनी मूठमूठ माती टाकली. तोवर पेट्रोलची नळी पेटली आणि मग कोणी जवळ गेलं नाही. झेंडूच्या माळा जळून गळाल्या, आणि थोडा वेळ सत्तावीस स्पष्ट दिसला. मग रंगाला फोड आले.

ठिणग्या लाखोरीवर पडल्या. अनुसयाबाई आणि बांधीतल्या बाया आकड्यांनी ढीग ओढत होत्या. अर्धा वाचला, अर्धा गेला. म्हातारी रडली नाही. जळलेल्या कडेला उभी राहून म्हणाली, "मीच म्हटलं त्याले परत जा." दोन-तीनदा तेच म्हणाली.

योगराज रस्त्याच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात खाली सोडून. भुवया जळल्या होत्या.

शकुंतलाबाईनं त्याच्या दंडाला धरलं. "योगराज. पोरं वाचली ना. लोखंडच व्हय ते. चाल, मुहूर्त होऊन राहिला. मंगलाष्टकाले मामा मागं उभा पायजे."

बहीण वाईट नव्हती. खरंच मामा लागतो. मामाशिवाय नवरदेव उभा करत नाहीत.

योगराजनं गाडीकडं बघितलं. ती अजून जळत होती, टायर फुटायचे होते.

"हो," तो म्हणाला, आणि नवरदेवासोबत बँडच्या पिकअपमध्ये, त्या मोठ्या भोंग्याला धरून, उभ्या उभ्या निघून गेला.

मी थांबलो. थांबून करण्यासारखं काही नव्हतं. चारही टायर एकामागून एक फुटले. काचा गळाल्या. इंजिनाचं अॅल्युमिनियम वितळून डांबरावर सांडलं आणि थिजलं. महिनाभर हातानं घासलेलं हेड त्यातच कुठं तरी. जाळ बसल्यावर मी पायी गावात गेलो.

मंगलाष्टकं चालू होती. योगराज भाच्याच्या मागं उभा होता, खांद्यावर हात ठेवून, तोंड काळंमिट्ट, डोक्यावर कोणाचा तरी गुलाबी फेटा. गर्दीतून त्यानं मला पाहिलं. भुवया नसलेल्या डोळ्यांनी विचारलं. मी नाही अशी मान हलवली. त्यानं अक्षता टाकल्या.

शनिवारी क्लबवाल्यांचा फोन आला, तेव्हा मी गॅरेजातच होतो. योगराज जीपचा क्लच उतरवत होता. तेलकट बोटानं त्यानं फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलायचा, मला सगळं ऐकू येत होतं. "सत्ताईस नंबर, कल आ रहे हो ना?"

"हाँ," योगराज म्हणाला.

फोन ठेवून परत जीपखाली गेला. केशोरावनं माझ्याकडं बघितलं, मी केशोरावकडं.

रविवारी तो आपल्या बांधीतली लाखोरी दोन पोत्यांत भरून मोपेडवर बांधून अनुसयाबाईकडं देऊन आला. तिनं घेतली. गाडीचं आता काय करशील विचारलं. "काही नाही माय," म्हणाला, "जुनीच होती."

दुसरी गाडी त्यानं घेतली नाही. योगेश्वरी एकदा म्हणाली होती, शेळ्या अजून आहेत. त्यानं त्यालाही हो म्हटलं आणि विषय तिथंच राहिला. ते मागचं सीट तर गाडीतच जळलं. त्याच्या जागी कोंबड्यांना त्यानं जीपचं एक जुनं सीट आणून टाकलं. केशोराव थकल्यावर गॅरेज त्याच्याकडं आलं. कोठ्याच्या भिंतीवर खडूचे किलो आहेत, योगेश्वरी पोतारा देताना तेवढी जागा सोडते.

आता पाच-सहा वर्षं झाली. कधी एखादं नागपूरचं गिऱ्हाईक गॅरेजात येतं, वेगाच्या गोष्टी काढतं, कोणाची गाडी चारशे दोन मीटरला किती सेकंद घेते ते सांगतं. मग योगराज पाना थांबवतो आणि सांगतो, "माही सतरा पॉइंट दोनमंदी गेली होती. जुनी एस्टीम. सुखरामनं मोजलं हाये."

आणि माझ्याकडं बघतो.

परवा गिऱ्हाईक गेल्यावर त्यानं स्वतःहून विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "दोनच होते ना गा? का तीन होते?"

मशीन आता काही सांगणार नव्हतं. माझ्या तोंडात सगळं येऊन थांबलं होतं, टोपी, चौकीदार, बत्तीसवर पळणारं घड्याळ.

"दोन," मी म्हणालो.

त्यानं मान डोलवली आणि बोनेटखाली वाकला.